नियम बदलले, आता पहिला कोण?

आमच्या नेऱ्याच्या शाळेत मधल्या सुट्टीत लगोरीचा डाव रंगतो. चौथीच्या मुलांनी आपले दोन गट पाडले आहेत. एक निळा गट आणि दुसरा लाल गट. गेल्या वर्षी झालं असं, की निळा गट सारखा जिंकायला लागला. एक आठवडा, दोन आठवडे, महिना झाला तरी तेच! निळ्या गटात एक दांडगा मुलगा होता. त्याचा चेंडू बसला की सातही चिपा दाही दिशांना उडायच्या. हळूहळू लाल गटातली मुलं सुट्टीत झाडाखाली बसून राहायला लागली. एक मुलगी तर स्पष्टच म्हणाली, "बाई, आम्ही खेळतच नाही आता. ते जिंकणारच. मग कशाला पळायचं?"

मला वाईट वाटलं. चांगला खेळ असा बंद पडणार की काय? मग मी एक नियम बदलला. चेंडू फक्त डाव्या हाताने मारायचा!

झालं! निळ्या गटाने एकच गिल्ला केला. "बाई, हा अन्याय आहे! आम्ही जिंकतो म्हणून तुम्ही नियम बदलला." पहिले दोन दिवस निळा गट सपाटून हरला. लाल गटाची मुलं झाडाखालून उठून परत मैदानात आली. पण गंमत पुढेच आहे. सात-आठ दिवसांनी निळा गट पुन्हा जिंकायला लागला! रोज नाही, पण चार दिवसांतले तीन दिवस तरी. असं का झालं असेल? उत्तर लगेच सांगत नाही. लेख वाचता वाचता तुम्हीच ओळखा.

त्या दिवशी वर्गात एका मुलाने विचारलं, "बाई, मोठ्या शर्यतींत पण असे नियम बदलतात का? मग पहिला नंबर असणाऱ्याचं काय होतं?" प्रश्न झकास होता. त्याच्या आजोबांचा बैलगाडा आहे, म्हणून त्याला तो सुचला असणार. चला तर, आधी त्याच्या आजोबांच्याच शर्यतीकडे जाऊ.

घाटातली बारी

पुणे जिल्ह्यात जत्रा म्हटली की बैलगाडा आठवतो. जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ या भागांत चढाच्या लांब धावपट्टीवर शर्यत होते. तिला म्हणतात 'घाट'. गाड्याला चार बैल जुंपतात, पुढे घोडी धावते आणि तिच्यामागे बैल उधळतात. एका धावेला म्हणतात 'बारी'. अकरा-बारा सेकंदांत बारी संपतेसुद्धा! जो गाडा सगळ्यांत कमी वेळात वर पोचतो, तो 'घाटाचा राजा'.

पण काही लोक जिंकण्यासाठी बैलांना काठीने मारायचे, पराणी टोचायचे, शेपूट पिरगाळायचे. मुक्या जनावराने तक्रार कुणाकडे करायची? प्राण्यांवर प्रेम करणारी माणसं न्यायालयात गेली. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा शर्यतींवर बंदी घातली. २०१७ मध्ये महाराष्ट्राने शर्यतीसाठी वेगळा कायदा केला, पण तोही न्यायालयात अडकला. शेवटी १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटी घालून परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायाधीशांनी राज्याचा कायदा वैध ठरवला.

म्हणजे साडेसात वर्षं घाट जवळजवळ मुके होते. आणि उघडले तेव्हा नियम पार बदलले होते. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी हवी. जनावरांच्या डॉक्टरांनी बैल तपासायला हवा. काठी, चाबूक, पराणी, विजेचा झटका, काही म्हणजे काही चालणार नाही. धावेचं अंतर हजार मीटरच्या आत.

आता विचार करा. २०१४ साली जो बैल घाटाचा राजा होता, तो २०२१ मध्ये म्हातारा झाला असणार. काही मालकांनी तर बंदीच्या काळात बैल विकूनच टाकले. रोजची पेंड, चारा, औषध यांचा खर्च मोठा, आणि शर्यत नाही म्हणजे बक्षीसही नाही. घरात माणसांचं भागवायचं की बैलांचं? त्यांना तरी नावं कशी ठेवायची?

त्या मुलाच्या आजोबांनी मात्र बैल विकले नाहीत. गाईची दोन खोंडंही ठेवली. रोज सकाळी ते त्यांना घोडीमागे चालवायचे. लोक हसायचे. म्हणायचे, "म्हातारबा, शर्यत बंद आहे!" आजोबा म्हणायचे, "शर्यत बंद आहे, चालणं कुठं बंद आहे?" बंदी उठली तेव्हा त्यांची खोंडं तयार होती. मी त्यांना विचारलं, "काठीशिवाय बैल पळतात का हो, आजोबा?" ते म्हणाले, "बाई, माराच्या भीतीनं पळणारा बैल मार थांबला की थांबतो. घोडीची सवय लागलेला बैल आपणहून पळतो."

बैल हे पळवायचं जनावरच नाही, असं आजही अनेकांना वाटतं. त्यांचं म्हणणंही तुम्ही ऐकून घ्या आणि घरी त्यावर बोला. आपण आजोबांचं वाक्य तेवढं लक्षात ठेवू आणि दुसऱ्या शर्यतीकडे वळू.

घाटातून ट्रॅकवर

आमच्या शाळेतल्या कितीतरी मुलांचे बाबा हिंजवडी आणि चाकणच्या कंपन्यांत जातात. चाकणला मोटारी तयार होतात. मर्सिडीजचा कारखानाही तिथेच आहे. याच मर्सिडीजच्या नावाचा एक संघ जगातल्या सगळ्यांत मोठ्या मोटार शर्यतीत उतरतो. तिचं नाव फॉर्म्युला वन.

या शर्यतीत प्रत्येक संघाच्या दोन गाड्या असतात. गंमत अशी, की प्रत्येक संघ आपली गाडी स्वतः रचतो. म्हणून इथे दोन विजेते असतात. एक वर्षभरात सर्वांत जास्त गुण मिळवणारा ड्रायव्हर आणि दुसरा, गाडी बनवणारा संघ. गाडी कशी असावी याचं मोठं नियमांचं पुस्तक असतं. इंजिन केवढं, टायर कसे, पंख किती रुंद, सगळं त्यात लिहिलेलं असतं. आणि दर काही वर्षांनी ते पुस्तक बदलतं.

का बदलतं? कारणं तीन. गाड्या फार वेगवान झाल्या की जिवाला धोका वाढतो. १ मे १९९४ रोजी इटलीत इमोला इथे ब्राझीलचा महान ड्रायव्हर आयर्टन सेना अपघातात गेला. त्यानंतर सुरक्षेचे नियम फार कडक झाले. दुसरं कारण खर्च. आणि तिसरं? आपल्या लाल गटाचं! एकच संघ सारखा जिंकला, तर बाकीचे आणि प्रेक्षकही कंटाळतात.

टर्बो गेला तरी मॅक्लारेन राहिली

१९८८ साली मॅक्लारेन संघाने १६ पैकी १५ शर्यती जिंकल्या! आयर्टन सेना आणि अ‍ॅलन प्रॉस्ट हे तिचे ड्रायव्हर. इंजिन होंडाचं, टर्बो लावलेलं. टर्बो म्हणजे काय? आजी चुलीत फुंकणीने फुंकते तेव्हा जाळ कसा भडकतो! तसंच टर्बो इंजिनात जास्तीची हवा ढकलतो, म्हणून लहान इंजिनही जास्त जोर देतं.

पुढच्याच वर्षी, १९८९ मध्ये, टर्बोवर बंदी आली. सगळ्यांना वाटलं, आता मॅक्लारेनचं संपलं. पण त्या वर्षी मॅक्लारेनने १६ पैकी १० शर्यती जिंकल्या. संघाचं अजिंक्यपद १९८८ पासून १९९१ पर्यंत लागोपाठ चार वर्षं तिच्याकडेच राहिलं. कसं जमलं? बंदी येणार हे आधीच ठरलेलं होतं. होंडाने टर्बो जिंकत असतानाच बिनटर्बोचं नवं इंजिन बनवायला घेतलं होतं. १९८८ मध्येच ते गाडीत बसवून त्याच्या चाचण्याही झाल्या. परीक्षेची तारीख कळल्यावर अभ्यासाला बसणारी मुलं असतात ना, त्यातलीच ही!

टायरने अडवलं फेरारीला

आता लाल रंगाच्या फेरारीची गोष्ट. जर्मनीचा मायकेल शूमाकर २००० ते २००४ अशी पाच वर्षं लागोपाठ अजिंक्य ठरला. २००४ मध्ये १८ पैकी १५ शर्यती फेरारीने जिंकल्या.

मग २००५ चा नियम आला. शर्यतीच्या मध्ये थांबून टायर बदलायचे नाहीत. एकाच जोडीवर पूर्ण शर्यत काढायची. तोवर फेरारीचे टायर वेगवान पण थोडा वेळ टिकणारे असले तरी चालायचं, कारण मध्ये बदलता यायचे. आता पायातली चप्पल मॅरेथॉनभर टिकायला हवी होती! बहुतेक मोठे प्रतिस्पर्धी दुसऱ्या कंपनीचे टायर वापरत होते आणि ते या नियमात सरस ठरले. फेरारीला वर्षभरात एकच विजय मिळाला, तोही अमेरिकेतल्या इंडियानापोलिसच्या शर्यतीत. तिथे प्रतिस्पर्ध्यांचे टायर धोकादायक ठरल्यामुळे १४ गाड्या सुरुवातीलाच बाहेर पडल्या आणि फक्त सहा गाड्या धावल्या. त्या सहांत आपला कोइंबतूरचा नारायण कार्तिकेयन होता, फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला पहिला भारतीय. त्या दिवशी तो चौथा आला!

पण फेरारी खचली नाही. २००६ मध्ये टायर बदलण्याची परवानगी परत मिळाली, आणि २००७ व २००८ मध्ये संघाचं अजिंक्यपद पुन्हा फेरारीने जिंकलं.

एका पौंडाचा संघ

२००८ च्या डिसेंबरमध्ये होंडाने शर्यतीतून अंग काढून घेतलं. संघातली शेकडो माणसं घाबरली. आता नोकरीचं काय? तेव्हा संघाचे प्रमुख रॉस ब्रॉन यांनी तो संघ फक्त एका पौंडाला विकत घेतला. एक पौंड म्हणजे एखाद्या पुस्तकाच्या किमतीएवढे पैसे! नाव ठेवलं ब्रॉन.

२००९ मध्ये गाडीच्या रचनेचे नियम पार बदलणार होते. या संघाने २००८ ची हरती गाडी सुधारायचा नाद सोडून सगळं लक्ष २००९ च्या गाडीवर लावलं होतं. गाडीच्या मागच्या भागाखालून हवा कशी जाते, त्यात त्यांनी नामी युक्ती शोधली. तक्रारी झाल्या, पण ती नियमात बसते असाच निकाल लागला. त्यांचा ड्रायव्हर जेन्सन बटन पहिल्या सातपैकी सहा शर्यती जिंकला, आणि ड्रायव्हर व संघ अशी दोन्ही अजिंक्यपदं त्यांनाच मिळाली. त्याच वर्षाच्या शेवटी मर्सिडीजने हा संघ घेतला. आपल्या चाकणवाल्या मर्सिडीजचा आजचा संघ म्हणजे तोच, एका पौंडाचा!

दिल्लीजवळचा राजा

२०११ ते २०१३ अशी तीन वर्षं फॉर्म्युला वन आपल्या देशातही झाली, दिल्लीजवळ ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर. तिन्ही वेळा जिंकला रेड बुल संघाचा सेबास्टियन फेटेल. २०१३ मध्ये तर त्याने हंगामाच्या शेवटच्या नऊ शर्यती लागोपाठ जिंकल्या. रेड बुलला कोण हरवणार?

नियमाने हरवलं! २०१४ पासून लहान टर्बो इंजिन आणि जोडीला विजेची मोटर असा नियम आला. रेड बुलची ताकद होती गाडीच्या आकारात, म्हणजे हवा कापत आणि वापरत धावण्यात. इंजिन मात्र त्यांना दुसरीकडून, रेनॉकडून, मिळायचं. आणि नव्या नियमात सगळं इंजिनावर येऊन ठेपलं. हंगामाआधीच्या चाचण्यांतच त्यांची गाडी सारखी बंद पडायला लागली. २०१४ मध्ये रेड बुलला १९ पैकी ३ शर्यती मिळाल्या आणि बाकीच्या १६ मर्सिडीजला. मर्सिडीज इंजिन आणि गाडी दोन्ही स्वतः बनवत होती. दोन्हीकडची माणसं आधीपासून एकमेकांशी बोलून काम करत होती, म्हणून इंजिन गाडीत चपखल बसलं.

पुढे २०१७ मध्ये गाड्या आणि टायर रुंद झाले. मर्सिडीज तरीही जिंकली. २०१४ ते २०२१, आठ वर्षं लागोपाठ संघाचं अजिंक्यपद! मग २०२२ आलं. गाडीच्या पोटाचा आकार असा हवा, की खालून जाणाऱ्या हवेने गाडी रस्त्याला चिकटून राहील, असा नियम झाला. मर्सिडीजची गाडी सरळ रस्त्यावर चक्क उड्या मारायला लागली! आठ वर्षांच्या राजाला त्या वर्षी २२ पैकी एकच विजय मिळाला. आणि जिंकलं कोण? २०१४ मध्ये आपटलेला रेड बुल! २०२३ मध्ये तर त्याने २२ पैकी २१ शर्यती जिंकल्या.

मग टिकतं कोण?

मुलांनो, या सगळ्या गोष्टी शेजारी शेजारी ठेवून बघा. पहिला नंबर नियम बदलल्यावर टिकतो का? कधी टिकतो, कधी नाही.

ज्याची सगळी ताकद एकाच गोष्टीत असते आणि नियम नेमका तिच्यावरच येतो, तो पडतो. फेरारीचे टायर आठवा. रेड बुलचं उसनं इंजिन आठवा. आणि काठीच्या धाकाने पळणारा बैल आठवा. जो जिंकत असतानाच पुढच्या नियमाची तयारी सुरू करतो, तो टिकतो, जशी मॅक्लारेन. पण ही तयारी अवघड असते बरं का! जिंकणाऱ्याला वाटतं, आपलं छान चाललंय, बदलायचं कशाला? हरणाऱ्याला गमवायचं काहीच नसतं, म्हणून तो नव्या कामाला आधी लागतो. ब्रॉनने तेच केलं.

आणि पडलेला कायमचा पडतो असंही नाही. फेरारी दोन वर्षांत उठली, रेड बुलला संघाच्या अजिंक्यपदासाठी २०१३ नंतर नऊ वर्षं लागली. मॅक्लारेनने तर १९९८ नंतर संघाचं अजिंक्यपद थेट २०२४ मध्ये जिंकलं, म्हणजे २६ वर्षांनी! २०२५ मध्येही तीच जिंकली. २०२६ साठी पुन्हा नवे नियम ठरले. निम्मी ताकद विजेची, पंख हलणारे, गाड्या थोड्या लहान. बाबांबरोबर बसून निकाल बघा आणि वहीत लिहा, कोण टिकलं, कोण पडलं आणि का.

आता आपल्या निळ्या गटाचं कोडं. डावा हात आला आणि दांडग्या मुलाचा नेम गेला. मग निळा गट पुन्हा जिंकला कसा? मी नीट पाहिलं. त्या गटात दोन किडकिडीत मुली होत्या. बाकीचे चेंडू चुकवत धावत असताना या दोघी भराभर चिपा रचायच्या. कुणी कुठे पळायचं, याच्या खुणा त्यांनी ठरवल्या होत्या. इतके दिवस सगळ्या शाळेला वाटत होतं, निळा गट त्या दांडग्या मुलामुळे जिंकतो. खुद्द त्यालाही तसंच वाटत होतं! नियम बदलला तेव्हा त्या दोघींचं काम दिसलं. तो मुलगा मग आपणहून त्यांच्याकडे गेला आणि म्हणाला, "मला पण रचायला शिकवा ना!"

लाल गटाचं काय? तो अजूनही जास्त वेळा हरतो. पण झाडाखाली कुणी बसत नाही. परवा तीच मुलगी धावत आली आणि म्हणाली, "बाई, आम्ही आज जिंकलो! आता नियम बदलू नका हं!"

तुम्हीच करून बघा

१. वहीचे दोन कागद समोरासमोर, बोटभर अंतरावर उभे धरा. मधल्या फटीत वरून जोरात फुंका. कागद लांब जातील असं वाटतं ना? बघा काय होतं ते! २०२२ ची गाडी रस्त्याला कशी चिकटत होती, याचा अंदाज येईल.

२. तुमच्या नेहमीच्या खेळातला एकच नियम बदला. आठ दिवस खेळा आणि रोजचा निकाल लिहा. पहिल्या दिवशी कोण जिंकलं आणि आठव्या दिवशी कोण?

३. तुमच्या गटात न दिसणारं काम कोण करतं? त्याचं नाव वहीत लिहा, आणि त्याला ते सांगासुद्धा.